अख्खा दिवस नुसतं पाणी, क्रूझवर करायचं काय?

कराडची_मेघा

नमस्कार मंडळी. जानेवारीत आई-बाबांना घेऊन मुंबईहून लक्षद्वीपची क्रूझ करतेय. पैसे भरून झालेत, त्यामुळे ‘जावं का’ हा प्रश्न नाही, ‘आता काय’ हा आहे.

कार्यक्रम काल नीट वाचला. पहिल्या दिवशी संध्याकाळी पाचला मुंबई सोडायची. तिसऱ्या दिवशी सकाळी अगत्ती. मधला अख्खा दुसरा दिवस कोरा, त्यापुढे फक्त ‘ॲट सी’. बाबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. म्हणाले, “म्हणजे त्या दिवशी कुठंच थांबा नाही?” नाही म्हटलं. “मग चहाला?”

बाबा 71 वर्षांचे. एसटीच्या वर्कशॉपात आयुष्य गेलं. रिकामं बसणं त्यांना जमतच नाही. घरात काही काम नसलं की चांगल्या नळाचे वॉशर बदलतात. आईचं उलट. तिला निवांत बसायला आवडतं, पण कुंभार्ली घाटात तिसऱ्या वळणाला पिशवी काढावी लागते. रस्त्यावर ही गत, तर पाण्यावर काय होईल?

तर सांगा, त्या दिवशी माणसं करतात काय? आईला बोट लागू नये म्हणून काय करू? आणि एवढे पैसे मोजून दिवसभर पाणी बघायचं हे बाबांना कसं पटवू? खरं सांगायचं तर मलाही पटवून हवंय.

आळशी_बोका

स्पष्ट सांगतो, मला कंटाळा आला. ऑफिसातल्या सात जणांच्या टोळक्यात गेलो होतो. नऊला नाश्त्याला गेलो तर लग्नाच्या पंगतीसारखी रांग. पोहायच्या तलावाशी खुर्ची मिळेना, कारण लोकांनी सकाळी सातलाच टॉवेल टाकून अडवलेल्या. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात ना, अगदी तस्संच, फक्त टॉवेल मोठा. अकरापासून डीजे. फोनला रेंज नाही, जहाजावरचं वायफाय विकत घेतलं तर त्यात एक फोटो जायला दहा मिनिटं. किनारा लांब गेल्याशिवाय कॅसिनो उघडत नाही, आणि तो उघडल्यावर दोन तासांत मी बंद झालो.

दुपारी चारला केबिनमध्ये छताकडे बघत पडलो होतो. आई-बाबांना न्यायचं तर पत्त्यांचा कॅट बरोबर घ्या, एवढाच सल्ला.

निवृत्त_इंजिनवाला

35 वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. प्रवासी म्हणून एकदाच गेलो, मुलीच्या हट्टापायी. बाबांसाठी थोडे आकडे देतो, वर्कशॉपातल्या माणसाला आकड्यांशिवाय पटत नाही.

मुंबई साधारण 19 अंश उत्तर, अगत्ती 11 च्या थोडं खाली. म्हणजे आठ अंश. एक अंश म्हणजे 60 सागरी मैल, म्हणून 480 मैल. सागरी मैल 1,852 मीटरचा, तेव्हा किलोमीटरमध्ये नऊशेला थोडे कमी. संध्याकाळी पाचला सुटून परवा सकाळी सातला पोचायचं तर हातात 38 तास. भागाकार करा, ताशी साडेबारा मैल. अशी जहाजं याहून बरीच जास्त पळू शकतात. म्हणजे त्या दिवशी जहाजालाच घाई नसते. उजेडात बेटापाशी पोचायचं, म्हणून ते रमतगमत जातं. प्रवाशांनी का घाई करावी?

बोट लागण्याबद्दल. जहाज फळीसारखं डुलतं, टोकं जास्त वर-खाली होतात, मध्य कमी. म्हणून केबिन मधोमध आणि खालच्या डेकवर घ्या. लोक हौसेने सगळ्यात वरची, पुढची घेतात आणि मग ओकतात. पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, विमानाच्या शेपटाला असतात तसे. जहाज चालतं असताना ते आडवं डुलणं बरंच मारतात. पुढे-मागे होणारं डुलणं मात्र त्यांच्याने थांबत नाही. जानेवारीत अरबी समुद्र बहुतेक शांतच असतो, फार काळजी नको. मळमळायला लागलं तर केबिनमध्ये पडू नये, मोबाइल तर मुळीच बघू नये. बाहेर येऊन क्षितिजावर नजर ठेवावी. गोळी घ्यायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारून, जहाज सुटायच्या तासभर अगोदर. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उलटीबरोबरच जाते.

इंजिनरूम प्रवाशांना दाखवत नाहीत. बाबा विचारणार, म्हणून आधीच सांगून ठेवा.

बोका, तुम्ही जहाजावर होतात, की लग्नाच्या हॉलमध्ये?

गिरगावची_सून

मेघा, गेल्या डिसेंबरात मी हीच फेरी सासूबाईंना घेऊन केली. त्या 76 वर्षांच्या. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बस.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मूळच्या वेंगुर्ल्याच्या. 1968 च्या मे महिन्यात लग्न होऊन गिरगावात आल्या त्या आगबोटीने. मुंबई–पणजी बोट तेव्हा किनाऱ्याने एकेक बंदर घेत जायची. प्रत्येक ठिकाणी धक्क्याला लागायची नाही. पडावात बसून बोटीपर्यंत जायचं आणि हलत्या शिडीवरून वर चढायचं. नव्या नवरीला बोट अशी लागली, की जयगडच्या पुढचं काही आठवतच नाही म्हणतात. म्हणून आम्ही क्रूझचं नाव काढल्यावर त्या म्हणाल्या, “पैसे देऊन ओकायला कशाला जायचं?” नातवाने समजूत घातली तेव्हा तयार झाल्या, तेही एका अटीवर. आमची फेरी नेमकी दत्तजयंतीला येत होती. दत्ताची तसबीर बरोबर घ्यायची आणि तिन्हीसांजेला जन्म करायचा.

बॅलार्ड पिअरला सामान तपासताना पहिलं विघ्न. त्यांच्या पिशवीत निरांजन, वाती, काडेपेटी आणि उदबत्तीचा पुडा. जहाजावर उघडी ज्योत चालत नाही, आणि ते योग्यच आहे, समुद्रात आग लागली तर पळणार कुठे? पण सांगणाऱ्या पोराने ते इतक्या तुटकपणे सांगितलं, की आईंनी पिशवी छातीशी धरली आणि परत फिरायची भाषा सुरू केली. शेवटी त्याच्या वरच्या बाईंनी नावाची चिठ्ठी लावून ते सगळं ठेवून घेतलं आणि उतरताना परत दिलं. पेढे मात्र जाऊ दिले. तेव्हा निरांजन घरीच ठेवा, सेलवर चालणारा दिवा न्या.

रात्रीचं सांगते. आम्ही स्वस्तातली, खिडकी नसलेली केबिन घेतली होती. दिवा घालवला की आत मिट्ट काळोख. वेळच कळत नाही. साडेदहाच्या सुमाराला आई अंधारात म्हणाल्या, “आता हर्णै आलं असेल.” मी टीव्ही लावला. त्यात एका वाहिनीवर नकाशा आणि जहाज कुठे आहे ते दाखवतात. बघते तर खरंच, जहाज दापोलीच्या समोर, किनाऱ्यापासून चाळीसेक किलोमीटर आत. 56 वर्षांनी यांचा अंदाज चुकला नाही! मग तो नकाशा रात्रभर तसाच चालू ठेवला. दिव्याचाही उपयोग झाला आणि घड्याळाचाही.

सकाळी सहाला त्या तयार. सगळे झोपलेले, म्हणून आम्ही दोघीच चहा घेऊन खालच्या डेकवरच्या लांब गॅलरीत गेलो. हीच ती जागा, मेघा, नीट लक्षात ठेव. डोक्यावर लाइफबोटी टांगलेल्या असतात, त्यांची सावली पडते, डीजेचा आवाज पोचत नाही आणि गर्दी वर तलावाकडे असते. मुंबईचं पाणी तुला माहीत आहे, दूध घातलेल्या चहासारखं. आदल्या दिवशी संध्याकाळी तेच बघत निघालो होतो. सकाळी खाली बघितलं तर निळं. आकाशी नव्हे हं, शाईच्या दौतीतलं निळं. जहाज ते कापत जातं तिथे पांढरा फेस, आणि फेसाच्या कडेला क्षणभर पोपटी.

आईंनी कठड्यावर हात ठेवला आणि झटकला. चिकट लागला. मग एक बोट जिभेला लावून बघितलं. “मीठ,” म्हणाल्या, आणि तोच हात पदराला न पुसता परत कठड्यावर ठेवला. नंतर दिवसभर मी बघत होते, येता-जाता त्या कठड्याला हात लावायच्या.

आठच्या सुमाराला मी आत जाऊन नकाशा बघून आले आणि सांगितलं, आता डावीकडे सरळ गेलं तर वेंगुर्लं. दिसत काहीच नव्हतं, शंभर किलोमीटरहून जास्त लांब. त्यांनी चप्पल काढली आणि डावीकडे तोंड करून हात जोडले. तिथून धावत जाणारे दोघे-तिघे व्यायामवाले जरा बाजूने गेले.

त्यानंतर काय केलं विचारशील, तर काही नाही. खरंच काही नाही. त्यांनी क्रोशाचं विणकाम काढलं. मी पुस्तक काढलं आणि नऊ पानं वाचली, दिवसभरात. मधेच कोणीतरी ओरडलं म्हणून उठले, तर उडते मासे! जहाजाच्या लाटेतून निघून चांदीच्या चपट्या चमच्यांसारखे पाण्याला समांतर सूं करत जातात आणि पुढे कुठेतरी बुडतात. चिमण्यांचा थवाच वाटतो आधी. त्यानंतर तासभर आम्ही दोघी तेच बघत होतो, एकही मासा आला नाही, तरी बघत होतो.

चहा घेऊन येणाऱ्या मुलाचं आडनाव छातीवरच्या पट्टीवर वाचून आईंनी विचारलं, “खंयचो रे तू?” तो दचकलाच. “कुडाळचो, आजी.” झालं. पुढचा प्रत्येक चहा आलं घालून आला. त्याची आई, बहिणीचं लग्न, बांधावरचा फणस, सगळं आम्हाला तोंडपाठ झालं. मला वाटतं, माणूस घरात जितकं ऐकून घेत नाही तितकं तिथे घेतो, कारण दुसऱ्या खोलीत कुकर नसतो आणि फोन वाजत नाही.

माझे यजमान मात्र बोक्यासारखे. हाउजी, जिम, तीन वेळा जेवण, मग ‘आता पुढे काय’. दुपारनंतर तेही आमच्या शेजारी येऊन बसले आणि घोरायला लागले.

संध्याकाळी वरच्या मोकळ्या डेकवर गेलो. दत्तजयंती म्हणजे पौर्णिमा, हे मला माहीत होतं, पण त्याचा समुद्रावर अर्थ काय ते नव्हतं. सव्वासहाच्या सुमाराला उजवीकडे सूर्य पाण्याला टेकला. सगळे मोबाइल तिकडे. आई मधोमध उभ्या, एकदम म्हणाल्या, “अगो, मागे बघ.” डावीकडे, जरा मागच्या बाजूला, पाण्यातून चंद्र वर येत होता. फिकट, मोठा, तांब्याच्या ताटाएवढा. मधे ना इमारत, ना डोंगर, ना विजेची तार. मान इकडे वळवली की सूर्य, तिकडे वळवली की चंद्र. तसबीर त्यांनी पिशवीतून काढून हातात धरली. फुलं नव्हती, जेवणाच्या टेबलावरची दोन शेवंतीची फुलं कुडाळकराने आणून दिली. ज्योतीविना आरती म्हटली, हळू आवाजात, कारण पलीकडे गाणी लावायची तयारी चालू होती. मागे पांढऱ्या केसांचे एक गुजराती जोडपे उभे होते, त्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. चार पेढे होते, आठ जणांना पुरवले.

बोट लागली का? आईंना अजिबात नाही. मला लागली, परतीच्या दिवशी. आणि दुसऱ्या सकाळी अगत्तीला छोट्या बोटीत उतरताना मी दोन माणसांचे हात धरले. आई पदर खोचून, लाट वर यायची वाट बघून, बरोबर त्या क्षणी पाऊल टाकून आत. पडावाची सवय आहे म्हणे.

आता तुझ्या कामाचं. बाहेरच्या डेककडे जाणाऱ्या दारांना उंच उंबरठे असतात, पाणी आत येऊ नये म्हणून. म्हाताऱ्या माणसांना ‘पाय उचला’ म्हणून सांगत राहा. संडासाचं बटण दाबलं की ‘फस्स’ करून असा आवाज होतो, की आई पहिल्यांदा किंचाळल्या. सांगून ठेव. बीपीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, मोठं सामान केबिनमध्ये उशिरा येतं. आलेपाक ने. नाश्त्याला साडेसातला जा किंवा साडेनवाला, नऊला नको. आणि शाल हवीच. जाताना वारा पाठीमागून असतो, त्यामुळे डेकवर वारं पडल्यासारखं उकडतं. येताना तोच वारा तोंडावर. माझी ओढणी लक्षद्वीपकडे परत गेली.

निवृत्त_इंजिनवाला

सूनबाई, वाऱ्याचं अचूक लिहिलंत. हिवाळ्यात तिथे बहुतेक उत्तरेकडचा वारा. दक्षिणेला जाताना जहाज वाऱ्याच्याच वेगाने चाललं तर डेकवर वारा शून्य. उलट येताना दोन्हींची बेरीज.

पाण्याच्या रंगाबद्दल थोडं. मुंबईसमोर समुद्राखालची उथळ पायरी तीनेकशे किलोमीटर रुंद आहे. गोव्याच्या खाली ती अरुंद होत जाते. तुम्ही चहा पीत होता त्या सुमाराला जहाज त्या पायरीची कड ओलांडत होतं. त्यानंतर तळ हजार मीटरच्याही खाली. इतक्या वर्षांत मी ही कड पन्नासेक वेळा तरी ओलांडली असेल, पण माझी पाळी चार ते आठ, डेकच्या खाली. त्या रंगाची वेळ मला मुलीबरोबर गेलो तेव्हा प्रथम कळली.

आळशी_बोका

लाइफबोटीखालच्या गॅलरीत मी गेलोच नाही. तिकडे सिगारेटची जागा असेल असं वाटलं होतं.

कराडची_मेघा

सूनताई, काका, खूप खूप आभार. सगळं आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. आई म्हणाली, आलेपाक मी घरीच करते, विकतच्यात नुसती साखर. मधल्या भागातली केबिन मिळतेय, खालच्या डेकवर. एकच विचारायचं राहिलं, डावीकडची घेऊ की उजवीकडची?

गिरगावची_सून

जाताना डावीकडे सकाळ, उजवीकडे संध्याकाळ. येताना उलट. दोन्ही मिळतं, भांडू नका.

कराडची_मेघा

घेतली डावीकडची. बाबांमुळे. ते कालपासून पंचांगामागे आकडेमोड करत बसलेत. काका, त्यांचा निरोप आहे तुमच्यासाठी: “वेंगुर्लं आठला येतं, तर आमचं कराड किती वाजता येतं?”

निवृत्त_इंजिनवाला

कराड 17.3 अंश उत्तर. मुंबईपासून साधारण शंभर सागरी मैल खाली, म्हणजे आठ तास. पाचला सुटलं तर रात्री एक. डावीकडे, दीडशेक किलोमीटरवर, मधे सह्याद्री. काहीही दिसणार नाही. झोपू द्या त्यांना.

कराडची_मेघा

सांगितलं. पावणेएकचा गजर लावणार आहेत.